लावलेलं, आपोआप आलेलं आणि राखलेलं

टेकडीवाला | शनिवार, सकाळी ७:५०

मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत दोन रात्री राहून आलो. ट्रेक वगैरे काही नव्हता, मित्राच्या गाडीत एक जागा रिकामी होती म्हणून गेलो. घरासमोरच्या कातळावर बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, वाळत घातला होता. काही फळं अजून हिरवी, काही सुरकुतून काळी पडलेली. एक आजोबा अनवाणी पायाने ती हलवत होते, अंगणात गहू वाळवताना पायाने रेघा ओढतात तसे. घरामागच्या उतारावर हिरडेच हिरडे. मी विचारलं, "बाबा, एवढी झाडं लावली कुणी?"

"लावली कुनी? आपआप आली."

"म्हणजे जंगलच की."

"जंगल त्ये वर." हनुवटीनेच त्यांनी कड्याकडे दाखवलं. "हे राखल्यालं हाय."

वीस वर्षं वेताळ टेकडीवर फिरतोय, झाडांची नावं बऱ्यापैकी येतात, पण माझ्या डोक्यात झाडांचे दोनच कप्पे होते: लावलेली आणि जंगली. हा तिसरा कप्पा ठाऊकच नव्हता. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं ते असं. पडलेलं बी रुजतं. राबासाठी (रोप टाकायच्या आधी शेताचा तुकडा भाजतात त्यासाठी) टहाळं तोडताना, बांध साफ करताना कोयता त्या रोपाला वळसा घालून जातो. शेजारचं ऐनाचं झाड छाटलं की रोपाला ऊन मिळतं. वणव्याच्या दिवसांत बुंध्याभोवतीचं गवत काढून टाकतात. बास. खड्डा कुणी खणला नाही, पाणी कुणी घातलं नाही, आणि तीन पिढ्यांत तो उतार हिरड्याचा झाला.

परत आल्यावर वाचत सुटलो आणि थेट अ‍ॅमेझॉनमध्ये जाऊन पोचलो. तिथे झाडांच्या सुमारे सोळा हजार जाती असाव्यात असा अंदाज आहे, पण जंगलातली निम्मी झाडं त्यातल्या जेमतेम २२७ जातींची. आता गंमत बघा. कोलंबसाच्या आधीच तिथल्या लोकांनी कमी-अधिक माणसाळवलेल्या ८५ जातींची यादी संशोधकांनी काढली आणि २०१७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात हिशोब मांडला. त्या ८५ पैकी २० जाती या बहुसंख्य मंडळींत बसतात. नुसत्या योगायोगाने जेवढ्या याव्यात त्याच्या पाचपट. ब्राझील नट, कोको, रबर, असाईचा ताड ही त्यातली ओळखीची नावं. शिवाय जुन्या वस्त्यांच्या जवळ ही झाडं जास्त सापडतात. म्हणजे टीव्हीवर ज्याला 'मानवाचा स्पर्श न झालेलं अरण्य' म्हणतात त्यातला बराच भाग कुणाचं तरी परसदार असावा.

आणि माती! अ‍ॅमेझॉनची मूळ माती तांबडी-पिवळी, पावसाने धुऊन निकस झालेली. पण जागोजाग काळ्याभोर मातीचे तुकडे आहेत, काही ठिकाणी दोन मीटर खोल. पोर्तुगीजमध्ये 'तेर्रा प्रेता', काळी माती. तिच्यात कोळसा, राख, माशांची हाडं, फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या. म्हणजे शेकडो वर्षांचा उकिरडा. शिंगू नदीच्या खोऱ्यातले कुइकुरो लोक आजही कसाव्याच्या साली, माशांचं उरलंसुरलं आणि राख यांचे ढीग लावून मुद्दाम अशी माती करतात. त्यांच्या भाषेत तिला 'एगेपे' म्हणतात.

हे वाचताना मला आपली पांढरी आठवली. गावाची काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती. जुन्या गावठाणाच्या टेकाडाची माती राखेने, शेणाने, पडलेल्या भिंतींनी पांढुरकी झालेली असते आणि शेतकरी ती गाड्या भरभरून खत म्हणून शेतात नेतात. पुरातत्त्ववाले डोक्याला हात लावतात, कारण त्या मातीबरोबर त्यांचा पुरावाही शेतात पसरतो. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पंधराएक वर्षं जिथे उत्खनन केलं ते शिरूर तालुक्यातलं इनामगाव अशाच पांढरीखाली होतं, साधारण तीन ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. ते घोड नदीच्या काठावर आहे. मी हिरडे बघत होतो तीही घोडच, फक्त उगमाकडची.

तिथे काळी, इथे पांढरी. रंग उलटा, उद्योग तोच.

इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्याने जंगलांचे राखीव, संरक्षित आणि गावचं असे प्रकार पाडले. 'राखीव' हा शब्द राखण्यावरूनच आला की. फक्त राखणारा बदलला.

तुमच्या गावाकडे असं राखलेलं काही आहे का? लिहा.

श्रुती_सातारकर | शनिवार, सकाळी ८:३५

वाचनखूण साठवली. आमच्या शेतात बांधावर दोन मोहाची झाडं आहेत. ती कुणी लावली असं मी लहानपणी विचारलं होतं तेव्हा आजी म्हणाली, "मोह कुणी लावतं का?" आज तिच्या वाक्याचा अर्थ लागला.

तर्कट_पेठकर | शनिवार, सकाळी ९:१०

लेख वाचनीय. पण थोडं पाणी ओतायची परवानगी द्या.

एक तर आपण शहरातले लोक कुठल्याही आजोबांच्या एका वाक्यावर फिदा होतो. 'राखल्यालं' हा शब्द गोड आहे म्हणून तो सिद्धांत होत नाही. दुसरं, दर मार्चमध्ये अर्धा सह्याद्री पेटलेला दिसतो. ताम्हिणीतून येताना रात्री डोंगरावर लाल माळा दिसतात. तोही राखलेलाच म्हणायचा का? तिसरं, जंगल माणसानेच केलं असं एकदा ठरलं की पुढचं वाक्य 'मग माणसाने तोडलं तर काय बिघडलं' हे असतं. त्या वाक्याची वाट बघणारे बिल्डर पुण्यात कमी नाहीत.

(पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.)

परागकण | शनिवार, दुपारी १:२०

तर्कट, तिसरा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्यावर संशोधकांत खरंच हमरीतुमरी चालते. मी वनस्पतींच्या पुराव्यावर काम करते (माती चाळणे, सूक्ष्मदर्शकाखाली मान मोडेपर्यंत बघणे), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झाडं-गवतं जमिनीतून सिलिका ओढतात आणि ती पेशींमध्ये साचून काचेसारखे कण तयार होतात. झाड कुजलं तरी कण मातीत राहतात. मक्याचा कण वेगळा, ताडाचा वेगळा, गवताचा वेगळा. जमिनीत भोक पाडून खालपर्यंतची माती काढली की कुठल्या काळात काय उगवत होतं, ते कोळशाच्या कणांसकट वाचता येतं. ईशान्य पेरूत पुतुमायो नदीच्या भागात डोलोरेस पिपर्नो आणि सहकाऱ्यांनी असं केलं, २०२१ मध्ये छापलं. गेल्या पाच हजार वर्षांत नदीपासून लांबच्या त्या जंगलात शेतीची किंवा मोठ्या तोडीची खूणच नाही. लोक तिथे जवळपास राहत होते, पण जंगलाचं रूप त्यांनी बदललं नव्हतं. म्हणून 'सगळं अ‍ॅमेझॉन म्हणजे बाग' हे म्हणणंही टोकाचं.

उलट बाजूला अक्रे. पश्चिम ब्राझीलच्या या राज्यात जमिनीवर खणलेल्या प्रचंड वर्तुळ-चौकोनांचे साडेचारशेहून जास्त चर सापडले आहेत. ते दिसले कसे? गुरांच्या कुरणांसाठी जंगल साफ केलं, तेव्हा वरून दिसले. साहजिकच पहिला समज असा की पूर्वीच्या लोकांनीही मोठं रान साफ करूनच हे खणलं असणार. पण २०१७ च्या अभ्यासात मातीने वेगळंच सांगितलं. तिथे बांबूचं जंगल होतं, ते सरसकट कधीच तोडलं गेलं नाही. थोडी थोडी जागा मोकळी केली, आणि हजारो वर्षांत ताडांचं प्रमाण हळूहळू वाढत गेलं. तुमच्या आजोबांचा कोयता रोपाला वळसा घालतो ना, अगदी तसंच. कुणी ताडाची बाग लावली नाही, पण ताड तोडलाही नाही.

आणि हे सगळं छोट्या टोळ्यांनी केलं असंही समजू नका. बोलिव्हियात कासारबे लोकांच्या वस्त्या (इ.स. ५०० ते १४००) आणि इक्वेडोरच्या उपानो खोऱ्यातली सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची गावं वरून लेसर सोडून मोजली गेली. उपानोत मातीचे सहा हजारांवर चौथरे आहेत, सरळसोट रस्ते आहेत, मध्ये शेतं आहेत. १५४२ मध्ये ओरेयाना हा स्पॅनिश सरदार अ‍ॅमेझॉन नदीतून खाली गेला तेव्हा त्याच्याबरोबरच्या पाद्र्याने काठाकाठाने दाट वस्ती असल्याचं लिहून ठेवलं होतं. पुढे कित्येक वर्षं लोक त्याला थापाड्या समजत होते. कारण नंतर जे गेले त्यांना माणसंच दिसली नाहीत. देवी, गोवर, गुलामगिरी यांनी वस्ती संपवली होती आणि जंगल परत चढलं होतं. म्हणजे ज्याला ते कुमारी अरण्य समजले ते खरं तर ओसाड पडलेलं गावठाण होतं.

आता तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर. 'माणसाने घडवलं म्हणून तोडा' हे तर्काला धरून नाही. पर्वतीचं देऊळही माणसानेच बांधलं आहे.

तर्कट_पेठकर | शनिवार, दुपारी १:४२

पर्वतीवर घाव घातलात, आता बोलणं खुंटलं. :)

पण वणव्याचा प्रश्न उभाच आहे.

रानवारा | शनिवार, दुपारी ४:०५

मेंढा-लेखाचा उल्लेख कसा नाही? गडचिरोलीतल्या त्या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू गवत की झाड (झाड म्हटलं की मालकी वन खात्याची) यावर वर्षं गेली, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक गावाच्या हातात आलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच.

घोडेगावकर | शनिवार, रात्री १०:१५

भोसरीत सेकंड शिफ्ट करून आत्ता घरी आलो. बहिणीने लिंक पाठवली. मी त्याच भागातला, महादेव कोळी. टेकडीवाले साहेब, तुम्ही लिहिलंय ते खरं आहे, पण जरा जास्तच साखर घातली आहे.

हिरडा आम्ही राखतो कारण तो विकला जातो. बाळहिरड्याला व्यापारी आहे, पिकल्या हिरड्याला भाव कमी. उद्या व्यापारी यायचा बंद झाला तर पुढची पिढी हिरड्याभोवती कोयता वळवेल याची खात्री मी देत नाही. देवासाठी राखलेलं रान वेगळं असतं. त्याला राई म्हणतात, तिथून वाळकी काटकीसुद्धा घरी आणत नाहीत. घरामागचं रान पोटासाठी राखलेलं. दोन्हीला शहरातून आलेले लोक एकच नाव देतात.

तर्कट साहेब, राब आणि वणवा यात फरक आहे. राब असा असतो. शेताच्या एका तुकड्यावर खाली शेण, त्यावर टहाळं, त्यावर गवत-पाचोळा, वरून बारीक मातीचा थर. दुपारी कधी पेटवत नाहीत. उन्हं उतरली, वारा पडला की वाऱ्याच्या उलट्या अंगाने पेटवायचा, म्हणजे आग पळत नाही, सरकत जाते. हातात ओल्या डहाळ्या घेऊन घरातली चार माणसं चार कोपऱ्यांवर उभी. मातीच्या थरामुळे ज्वाळा कमी आणि धग जास्त. धगीने तणाचं बी मरतं, राख तिथेच राहते. पाऊस पडला की त्याच तुकड्यात भाताचं, नाचणीचं रोप टाकायचं. अख्खं शेत कुणी भाजत नाही, तेवढं टहाळ आणायचं कुठून?

टहाळ तोडायचीही रीत आहे. आमची आजी ऐनावर चढलेल्या माझ्या बापाला खालून ओरडायची, "शेंडा सोड रं!" फांद्या काढायच्या, शेंडा ठेवायचा. झाड बोडकं दिसतं पण मरत नाही, तीन वर्षांनी परत त्याच्यावर चढायचं. आमच्याकडच्या ऐनांना पाहिलं तर ते खांबासारखे उभे आणि अंगभर गाठी. परक्या माणसाला वाटतं झाडाला रोग झाला.

वणवा म्हणजे कुणीतरी सिगारेट टाकतं, कुणी गवत जास्त येईल म्हणून काडी लावतं, कुणी जागा मोकळी दिसावी म्हणून. हो, आमच्यातलेही लावतात. ते मी नाकारत नाही. पण पूर्वी ज्याच्या हिरड्याखाली आग गेली तो गावात भांडण काढायचा. आता झाड कुणाचं हेच ठरलेलं नाही, तर भांडणार कोण?

वनहक्काच्या दाव्याचं सांगतो. वनहक्क कायद्यात लिहिलंय की वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून चालतो, जुनी विहीर, थडगी, देवस्थान हेही चालतं. मी आमच्या चुलत्याला, वय ऐंशीच्या पुढे, घेऊन एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी कागद मागितला. चुलता म्हणाला, चला, झाडं दाखवतो, कोणता घाव कुणाचा ते सांगतो. साहेब हसले. तीन वेळा जाऊन आलो, दर वेळी दिवसाची हजेरी बुडाली. अजून फाईल तिथेच आहे.

टेकडीवाला | शनिवार, रात्री १०:५०

घोडेगावकर, साखरेचा आरोप मान्य. तुमच्या एका प्रतिसादापुढे माझा अख्खा लेख फिका आहे.

राबावरून एक जोडतो. हे भांडण जुनं आहे. तेव्हाच्या ठाणे-कुलाबा भागात राबाच्या टहाळावर जंगल खात्याने निर्बंध आणले तेव्हा इतका गदारोळ झाला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला. आणि त्याच्या दोनच वर्षं आधी, इथे पुण्यात बसून, महात्मा फुल्यांनी जंगल खात्यावर कोरडे ओढले होते, की डोंगर-दऱ्या-गायरानं सगळी खात्यात घातली आणि शेतकऱ्याच्या शेळ्या-मेंढ्यांना चरायला जागा उरली नाही.

रायगडकडे कातकरी-ठाकरांची 'दळी' नावाची जमीन असते तीही याच घोळातली. फिरती शेती होती, तिला खात्याने नोंदवहीत बांधलं. दाव्यांचं घोंगडं अजून भिजत आहे.

मैसूरची_मावशी | रविवार, सकाळी ६:४०

मूळची नारायण पेठेतली, पण चाळीस वर्षं म्हैसूरला काढली. तर्कट यांच्या वणव्याच्या प्रश्नावर सोलिगांची गोष्ट सांगायलाच हवी.

कर्नाटकात बिळिगिरी रंगन बेट्टाच्या डोंगरात सोलिग आदिवासी राहतात. ते वर्षाच्या सुरुवातीला, गवत अजून उंच वाळलेलं नसताना, पालापाचोळ्यापुरती हलकी आग लावायचे. कानडीत 'तरगु बेंकी', पाचोळ्याची आग. गुडघ्यापर्यंतही ज्वाळा येत नाहीत. १९७४ मध्ये अभयारण्य झालं, शेती बंद, आग बंद. चांगलंच झालं असं सगळ्यांना वाटलं. पुढे काय झालं? घाणेरी. आपली टणटणी हो, लाल-पिवळ्या फुलांची. ती जंगलात अशी पसरली की हत्तीलाही वाट काढणं कठीण. आता तिथे आग लागली की घाणेरीच्या जाळीवरून शेंड्यापर्यंत चढते.

दुसरं म्हणजे आवळा. सोलिग आवळे गोळा करतात. ते सांगत होते की आग बंद झाल्यापासून आवळ्यांवर बांडगूळ वाढलं, झाडं मरायला लागली. धूर आणि धग बांडगुळाला सोसत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे संशोधकांनी त्यांच्याबरोबर बसून जंगल मोजायला घेतलं तेव्हा घाणेरी आणि बांडगूळ या दोन्ही गोष्टी आकड्यांत दिसल्या. तोवर अधिकारी मंडळी 'हे आग लावणारे लोक' एवढंच म्हणायची. २०११ मध्ये सोलिगांना तिथे सामूहिक हक्क मिळाले. व्याघ्र प्रकल्पात असे हक्क मिळायची ती देशातली पहिली वेळ.

मी एकदा एका सोलिग बाईंना विचारलं होतं, पाचोळ्याची आग नक्की कधी लावायची? त्या म्हणाल्या, पाचोळा हातात चुरडून बघायचा. चुरा झाला तर उशीर झाला.

तर्कट_पेठकर | रविवार, सकाळी ९:३०

मावशी, शेवटच्या ओळीला दंडवत. घोडेगावकर, तुमच्या चार कोपऱ्यांवरच्या चार माणसांनाही. मी ताम्हिणीतल्या लाल माळा बघून सगळ्यांना एका दोरीत बांधलं होतं. वणव्याबद्दल माझा राग कायम आहे, पण पत्ता चुकला होता.

माळरान | रविवार, सकाळी ११:१५

पुण्याचं नाव निघालंय तर वेताळ टेकडीबद्दल लिहितो. टेकडीवाले रोज ज्या सावलीतून चालतात ती बहुतेक ग्लिरिसिडियाची आहे. मराठीत गिरिपुष्प, काही जण उंदीरमारी म्हणतात. फेब्रुवारीत फिकट गुलाबी फुलतो, लोक फोटो टाकतात. वन खात्याने पुण्याच्या टेकड्यांवर तो लावला, कारण तो कुठेही जगतो. मूळच्या या टेकड्या म्हणजे गवत आणि मधे मधे पांगारा, सालई, मोई, हिवर. बोडक्या दिसतात म्हणून 'हिरव्या' केल्या. खाली पाहा, त्याच्या सावलीत गवत जवळजवळ नाहीच.

आता या धाग्याशी जोड. हा ग्लिरिसिडिया मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेतला. तिथे हे लोकांनी राखलेलं झाड आहे. त्याच्या फांद्या रोवून जिवंत कुंपण करतात, आणि कोकोच्या झाडांवर सावली धरायला तो लावतात. त्याचं स्पॅनिश नाव आहे 'माद्रे दे काकाओ', कोकोची आई. तिथे दर वर्षी त्याच्या फांद्या छाटतात, पाला जमिनीत घालतात, सावली किती हवी तेवढीच ठेवतात. घोडेगावकरांच्या ऐनासारखंच. आपण झाड आणलं, कोयता आणला नाही.

घाणेरीही अमेरिकेचीच बरं का, मावशी.

परागकण | रविवार, दुपारी १२:०५

माळरान, हे डोक्यात आलंच नव्हतं. मस्त.

पश्चिम आफ्रिकेतलं एक सांगून गप्प बसते. गिनीच्या किस्सिदुगू भागात गवताळ रानात प्रत्येक गावाभोवती दाट झाडीची बेटं दिसतात. फ्रेंच अधिकाऱ्यांनी आणि पुढे इतरांनीही शंभरएक वर्षं लिहून ठेवलं की पूर्वी सगळीकडे जंगल होतं, गावकऱ्यांनी जाळून-तोडून संपवलं, ही बेटं म्हणजे त्याचं उरलेलं शेपूट. फेअरहेड आणि लीच या दोघा संशोधकांनी १९९० च्या दशकात जुने हवाई फोटो आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी शेजारी शेजारी ठेवल्या. चित्र नेमकं उलटं निघालं. आधी गाव वसलं, मग झाडी वाढली. लोक गुरं बांधून, गवत कमी करून, आग अडवून, घरचा कचरा टाकून झाडीला जागा करून देत होते. शंभर वर्षं ज्यांना दंड केला तेच माळी होते.

श्रुती_सातारकर | रविवार, दुपारी १२:४०

'आपण झाड आणलं, कोयता आणला नाही.' हे मी स्टेटसला ठेवू का?

माळरान | रविवार, दुपारी १२:४४

ठेवा. फोटो मात्र ग्लिरिसिडियाच्या फुलांचा नको.

अवांतर_अभ्यंकर | रविवार, दुपारी २:३०

अवांतर: बाळहिरडा पुण्यात कुठे मिळेल? पोटाच्या तक्रारीवर हवा आहे.

टेकडीवाला | रविवार, दुपारी ३:१०

अभ्यंकर, कुठल्याही जुन्या काष्ठौषधींच्या दुकानात विचारा. पण आधी डॉक्टरांना विचारा.

घोडेगावकर, एक प्रश्न राहिला. तुमचे चुलते म्हणाले 'कोणता घाव कुणाचा ते सांगतो'. म्हणजे झाडं ओळखतात कशी? सगळी सारखीच दिसत होती मला. आणि झाडाची मालकी पूर्वी कशी ठरायची?

घोडेगावकर | रविवार, रात्री ११:०५

प्रत्येक झाडाला नाव असतं साहेब. सातबाऱ्यावर नसतं, तोंडात असतं. आमच्या उतारावर एक 'दगडातला' आहे, एक 'म्हातारीचा', एक 'वाकडा'. 'म्हातारीचा' म्हणजे आमच्या पणजीने राखलेला. त्याच्या बुंध्यावर कमरेएवढ्या उंचीवर तिच्या कोयत्याची जुनी खाच आहे, आता फुगून ओठासारखी झाली आहे. ती बुटकी होती म्हणून खाच खाली. बापाच्या खाचा वर आहेत. चुलता हे बघून सांगतो.

झाडाच्या वाटण्या जमिनीसारख्याच होतात. आजोबांच्या चार मुलांत 'वाकड्या'चे चार हिस्से. झोडपायला चौघांची घरं एकाच दिवशी येणार, टोपलीने मोजून वाटून घेणार. एखादा पुण्या-मुंबईला गेलेला असला तरी त्याची टोपली बाजूला काढून ठेवतात. यंदा माझी टोपली चुलतीने वाळवून ठेवली होती, मला सुट्टी मिळाली नाही.

आज संध्याकाळी आईला हा सगळा धागा फोनवर वाचून दाखवला. काळ्या मातीचं ऐकून म्हणाली, "त्यात काय, उकिरडाच ना?" ग्लिरिसिडिया तिला ठाऊक होता, नर्सरीतून फुकट मिळाला म्हणून कुंपणाला लावलाय, बकऱ्या खातात. सोलिग बाईंचं मात्र दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली की आपण पाचोळा चुरडत नाही, पायाने ऐकतो. वाजला की थांबायचं.

टेकडीवाले, पुढच्या एप्रिलच्या शेवटी या. मित्राच्या गाडीत जागा नसेल तर शिवाजीनगरहून घोडेगावची एसटी आहे, पुढचं मी बघतो. 'वाकड्या'वर चढायला आता घरात माणूस उरलेला नाही. तुम्ही खाली उभे राहून वेचलं तरी चालेल. तर्कट साहेबांनाही आणा, त्यांना चार कोपऱ्यांतला एक देतो.